पोलादकाकांचं कुंपण

पोलादकाकांच्या घरी जायचं तर आधी फाटकाला पटवून द्यावं लागे की आपण चोर नाही. फाटकाला बाहेरून कडीच नव्हती. घंटा होती, ती वाजवायची. मग आतून काका विचारणार, "कोण?" आपण म्हणायचं, "मी." मग काका म्हणणार, "मी तर सगळेच असतात." पुढे आपण कोण, कुठले, कशाला आलो हे सांगून झालं की कुलपं उघडल्याचे आवाज सुरू व्हायचे. ते इतका वेळ चालायचे की साखर मागायला आलेली बाई, आज बिनसाखरेचा चहा घेऊ असं म्हणून परत जायची.

काकांचा धंदाच लोखंडाचा. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, दुकानांची शटरं. त्यांची जाळी लांबून ओळखू यायची, कारण बाकीचे लोक उभे गज लावत आणि काका आडव्या पट्ट्या. वीतवीत अंतरावर, एका रेषेत, जोड कुठे आहे ते बोटाला कळणार नाही इतक्या सफाईने. "उभा गज म्हणजे तुरुंग," काका म्हणायचे. "आडवी पट्टी म्हणजे घर." गिऱ्हाईक मान डोलवायचं. लोखंडाच्या बाबतीत काकांशी वाद घालण्यात अर्थ नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्या स्वतःच्या घराला पूर्वी नुसतं झुडपांचं कुंपण होतं. मग एका दुपारी चोर आला. काका कारखान्यात, मुलगा शाळेत, काकू घरात एकट्या. चोराने नेलं काहीच नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच तो पळाला. पण काका घरी आले तेव्हा काकू दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या आणि हातातली सांडशी सोडायला तयार नव्हत्या. काकांनी एकेक बोट सोडवून ती सांडशी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी झुडपं गेली आणि गवंडी आला.

आधी गुडघाभर विटांचं काम झालं. त्यावर आडव्या पट्ट्यांची जाळी चढली, डोक्याच्या वर जाईल अशी. मग काकांच्या मनात आलं की जाळीतून आतलं दिसतं, आणि दिसलं की हाव सुटते. म्हणून जाळीला आतल्या बाजूने पत्रा ठोकला. त्याच्या वर भाल्यांची टोकं आली. फाटकावर एवढा मोठा दिवा लागला की संध्याकाळी समोरून येणारा माणूस डोळ्यांवर हात धरून चालायचा. आणि काका निवांत झाले.

काकू किती निवांत झाल्या ते काकांनी विचारलं नव्हतं. त्या अंगणात बसून पत्र्यापलीकडचे आवाज ऐकायच्या. कोणाची सायकल, कोणाची चप्पल, कोणाचा खोकला हे त्यांना पाठ झालं होतं. माणसं मात्र वर्षानुवर्षं दिसली नव्हती. मधे गुडघे धरले, तेव्हापासून त्या फाटकापर्यंतही फारशा जात नसत. कुलपं उघडून होईपर्यंत उभं कोण राहणार?

अशा या घरात सूनबाई आली. ती नगरपालिकेत नकाशे काढायची. बागा, शाळांची आवारं, बसथांबे, गाड्या लावायच्या जागा अशा नीट कशा बांधाव्यात की तिथे चोरी-मारामारी करायला कुणाला सोयीचं वाटू नये, हे तिचं काम. पहिल्यांदा हे ऐकून काका खूश झाले होते. "म्हणजे आपल्याच धंद्यातली," असं त्यांनी समोरच्या घड्याळजीला अभिमानाने सांगितलंही होतं.

चहा पिऊन झाल्यावर सूनबाई घराभोवती एक चक्कर मारून आली. परत आली ती गप्प गप्प.

"काय मग, सूनबाई?" काका म्हणाले. "कसं वाटलं काम?"

"काम फार सुरेख आहे, बाबा. एवढे सरळ जोड मी पाहिले नाहीत."

"पण?"

"पण काही नाही."

"तुझ्या चेहऱ्यावर पण आहे. बोल."

सूनबाईने सासूकडे पाहिलं. काकूंनी पदराआड हसू दाबलं. मग सूनबाई म्हणाली, "बाबा, मी चोर असते ना, तर या गल्लीत पहिलं हेच घर निवडलं असतं."

काकांच्या हातातली बशी कलंडली.

"एकदा आत शिरलं की कुणाला दिसत नाही," सूनबाई सांगू लागली. "दिवसभर बसून कपाट फोडा, मधे जेवून घ्या, दुपारची झोप काढा. मागच्या बोळाकडे तर एकही खिडकी उघडत नाही. तुमच्या दिव्याने डोळे इतके दिपतात की दिव्यापलीकडे कोण उभं आहे ते कळत नाही. आम्ही कुठली जागा बघायला गेलो की एवढंच विचारतो, इथे येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण बघतं? तुमच्या घराला कोण बघतं, बाबा?"

"कुणी बघू नये म्हणूनच तर भिंत बांधली!"

"तेच म्हणतेय मी."

काका उठून उभे राहिले. "माझ्या कुंपणावरून मांजर गेलेलं नाही आजवर. तू जाऊन दाखव. दिवसाढवळ्या. मी फाटकात बसतो. आत शिरून घरातली एक वस्तू बाहेर आणून दाखव, तर तू म्हणशील तेवढं कुंपण उतरवतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमच्या नगरपालिकेच्या बागेलाही असंच कुंपण लागेल. मी करून देईन. भाल्यांसकट."

मुलगा तिथेच होता. बापाची बाजू घ्यावी की बायकोची, हे न कळून तो पेपरात शिरला होता. तो पेपराआडून एवढंच म्हणाला, "रविवारी मला बाहेर काम आहे."

"अजून रविवार ठरलाय कुठे?" काकू म्हणाल्या.

"तो ठरेल," मुलगा म्हणाला.

आणि रविवारच ठरला.

रविवारी सकाळी काकांनी फाटकाबाहेर खुर्ची टाकली, पायाशी पाण्याची बाटली ठेवली आणि फाटकाची सगळी कुलपं आपल्या किल्ल्यांनी बाहेरूनच लावून घेतली. म्हणजे ते बाहेर आणि काकू आत. समोर घड्याळजी आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होता. रविवारी त्याचं दुकान बंद असे, पण असा तमाशा रोज कुठे मिळतो?

"काय पोलाद, आज स्वतःच्याच घराबाहेर? वहिनींनी काढलं की काय?"

"सून चोरी करणार आहे."

"कुठे?"

"आमच्याच घरी."

घड्याळजीने डोळ्याला लावायचं भिंग खिशातून काढून पुसलं. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी उगाच आरडाओरडा केला असता." मग थोडं थांबून म्हणाला, "नसता केला म्हणा. मला इथून तुमचा पत्राच दिसतो. आत कुणी नाचलं तरी कळायचं नाही."

काकांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. ते मधूनमधून उठायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन बाजूच्या भिंतीकडे बघायचे, परत येऊन बसायचे. सूनबाई कुठेच दिसत नव्हती. ऊन चढलं. बाटलीतलं पाणी संपलं. काकांचा आनंद वाढत चालला. घड्याळजीला ते सांगू लागले की शिकलेल्या पोरी हुशार असतात, नाही असं नाही, पण कागदावर रेघ मारणं वेगळं आणि लोखंड वाकवणं वेगळं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून सूनबाई आली. अगदी आरामात चालत. हात रिकामे. फक्त ओढणीला गंजाचा डाग आणि केसांत कापसाचा पुंजका.

"हरलीस ना?" काका म्हणाले. "होतं असं. वाईट नको वाटून घेऊस."

"जाऊन आले की, बाबा."

"कुठून?"

"मागच्या बोळातून. तुमच्या आडव्या पट्ट्या वीतवीत अंतरावर आहेत. इतकी सोयीची शिडी आमच्या कचेरीतही नाही. वर भाल्यांवर शेजारच्या शिंपीणबाईंची जुनी रजई टाकली. पण भाले खरंच धारदार आहेत हं. रजई गेली बिचारी."

आडव्या पट्ट्या! काका मागे वळून कुंपणाकडे बघू लागले. इतकी वर्षं ते पट्ट्या लावत आले होते. गावभर लावत आले होते. पट्टीवर पाय ठेवता येतो हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं, कारण त्यांना स्वतःला कुणाच्या घरात चढून जायचं नव्हतं.

पण काका असे सहजी हार मानणाऱ्यांतले नव्हते. "चढलीस, ते ठीक आहे. वस्तू कुठे आहे? पैज वस्तूची होती."

"आत जाऊन बघा ना, काय गेलंय ते."

काकांनी कुलपं उघडायला सुरुवात केली. घड्याळजी पायरीवरून उठून जवळ आला, कारण एवढा वेळ बसून शेवट चुकवायचा म्हणजे काय? काका आत गेले. आधी लोखंडी कपाट. बंद. उघडून पाहिलं, सगळं जागच्या जागी. मग भिंतीवरचं घड्याळ. होतं. रेडिओ होता. पितळेची भांडी फळीवर होती, ती त्यांनी हात लावून मोजली. शिवणाचा डबा, औषधांची पेटी, मुलाचे बूट, गच्चीवरची वाळत घातलेली चादरसुद्धा. मागच्या दाराशी मोडकी बादली होती, ती पाहूनही त्यांना बरं वाटलं.

ते अंगणात आले आणि छाती काढून ओरडले, "काहीही गेलेलं नाही! ऐकलंस का गं? सगळं जिथल्या तिथे आहे!"

उत्तर आलं नाही.

"अगं, ऐकलंस का?"

घरात कुणी हाललं नाही. काका स्वयंपाकघरात गेले. चुलीवरचं आधण कधीच उतरवून ठेवलेलं. ते झोपायच्या खोलीत गेले. न्हाणीघराचं दार ढकललं. तीच दुपार, तेच स्वयंपाकघर, आणि त्या वेळी दाराला टेकून बसलेलं माणूस आता कुठेच नव्हतं. "अगं!" त्यांनी हाक मारली, आणि तो आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

तेव्हा पत्र्याच्या पलीकडून कुणीतरी हसलं. दोन बायका. त्यातलं एक हसू काकांच्या ओळखीचं होतं, पण इतकं मोठं हसू त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

पत्र्यातून दिसायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. त्यांनी स्टूल आणलं, त्यावर चढले, भाल्यांच्या दोन टोकांमधून मान घातली आणि शेजारच्या अंगणात पाहिलं. शिंपीणबाई मशीनवर बसली होती. तिच्या बाजूला बाजेवर पाय पसरून काकू मटार सोलत बसल्या होत्या.

"तू तिथे कशी?" काका म्हणाले.

"चोरीला गेले," काकू म्हणाल्या.

"भावजी, मान सांभाळा," शिंपीणबाई मशीन न थांबवता म्हणाली. "माझी रजई गेलीच आहे आज."

सूनबाईही तिथे येऊन उभी राहिली. तिने सरळ सांगून टाकलं, "बाबा, मी भिंतीवरचं घड्याळ उचलणार होते. आईच म्हणाल्या, घड्याळ राहू दे, मलाच ने. बोळात उघडणाऱ्या मागच्या दाराच्या चाव्या त्यांच्याच कमरेला होत्या. दार उघडायला आम्हाला इतका वेळ लागला की मधे मी चहा करून प्यायले. कुणीही आलं नाही."

"ही लबाडी आहे! आतलं माणूस फितूर झालं!"

"झालं," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही आधी काय काय मोजलंत ते आम्ही इथून ऐकत होतो. भांड्यांचा आवाज येत होता. बादलीसुद्धा पाहिलीत ना?"

काकांना स्टुलावर उभं राहून बोलणं अवघड झालं. "चल आता घरी," ते हळू आवाजात म्हणाले.

"मी इथे बरी आहे."

"अगं, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही करत." काकूंनी शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. "तुम्हाला वाटतं मी त्या दिवशी ओरडले म्हणून चोर पळाला. मी ओरडलेच नव्हते. आवाजच फुटला नाही माझा. ही ओरडली." त्यांनी शिंपीणबाईकडे बोट केलं. "ही मशीनवर बसली होती. झुडपावरून हिला तो खिडकीला लोंबकळताना दिसला. हातात कात्री घेऊन ही अशी धावत आली की तो चप्पल टाकून गेला. तुम्ही काय केलंत? जिथून हिला दिसलं, तिथे सगळ्यात आधी पत्रा ठोकलात."

काकांनी हाताखालच्या पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही भिंतीचं माप घेत होतात."

शिंपीणबाईने आता मशीन थांबवली. घड्याळजी काकांच्या फाटकातून आत येऊन अंगणात उभा होता. एरवी तो अशा वेळी काहीतरी बोलला असता, पण आता तो खिशातलं भिंग उगाच चाचपत राहिला.

"पत्रा उतरला की येते," काकू म्हणाल्या. "घाई नाही. हिच्याकडे जागा आहे."

काका स्टुलावरून उतरले. थोडा वेळ ते अंगणात नुसते उभे होते. समोर पत्रा, मागे घर, आणि घरात राखण्यासारखं काय उरलं होतं? एक मोडकी बादली. मग त्यांनी ग्राइंडर काढला.

पत्र्याच्या पहिल्या तुकड्याला संध्याकाळपर्यंत वेळ लागला, कारण आपण ठोकलेलं आपल्यालाच उखडायचं म्हणजे ते किती पक्कं आहे ते कळतं. ठिणग्या उडत होत्या. पलीकडून काकू सूचना देत होत्या. "खालचा स्क्रू राहिला. डावीकडचा. तुमच्या डावीकडचा." पत्रा खाली पडला तेव्हा आडव्या पट्ट्यांच्या पलीकडे काकू, बाज, मशीन आणि लिंबाच्या झाडाखाली बांधलेली शेळी असं सगळं एकदम दिसलं. शेळी कधी आली ते काकांना माहीतच नव्हतं.

"ही केव्हापासून आहे?"

"हिची ही तिसरी पिढी," शिंपीणबाई म्हणाली.

काकू त्या रात्रीच्या जेवणाला घरी आल्या. पण पुढे कुंपण किती ठेवायचं यावर घरात अशी घासाघीस चालली की बाजारातही चालत नाही. सूनबाईने कागदावर काढून दाखवलं: उभे गज, म्हणजे पाय ठेवायला आडवं काही नाही, आणि उंची कंबरेएवढी, म्हणजे गल्लीतून अंगण दिसेल. फाटकाला साधी कडी. दिवा लहान आणि खाली झाकलेला, म्हणजे येणाऱ्याचा चेहरा दिसेल, डोळे दिपणार नाहीत.

"कंबरेएवढी? ते कुंपण आहे की ओटा?" काका म्हणाले. "निदान छातीएवढी तरी."

"कुणाच्या छातीएवढी?"

"माझ्या."

"आईंच्या छातीएवढी करू," सूनबाई म्हणाली.

काका पटकन हो म्हणाले. मग काकू उभ्या राहिल्या. त्या इतक्या बुटक्या होत्या की त्यांची छाती काकांच्या कंबरेलाच लागत होती. पेपराआडून मुलगा हसला, आणि त्या दिवशी बापाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेपर घेऊन गच्चीवर गेला.

उभे गज काकांनी स्वतः वेल्ड केले. आयुष्यात पहिल्यांदा. कारागिरांना त्यांनी सांगितलं की नवीन पद्धत आहे, बाहेर सगळीकडे असंच करतात. कुणाच्या घरी आडव्या पट्ट्या आहेत ते त्यांना आठवत होतं. त्या सगळ्यांकडे जाऊन पट्ट्या बदलून द्याव्या लागणार हेही त्यांना कळत होतं, पण तो विचार त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकलला.

सगळं लागलं आणि सोमवार आला. काकूंना एकटं टाकून, कंबरेएवढ्या कुंपणात, काका कारखान्यात गेले. हातात काम घ्यावं आणि मन ठिकाणावर नसावं. एक गज तर त्यांनी तिरका लावला. कारागिरांनी तो एकमेकांना दाखवला. शेवटी दुपारच्या आत काका उठले. काहीतरी विसरलंय असं म्हणून निघाले.

गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली म्हणाली, "काकूंनी आताच भोपळा घेतला. कुंपणावरूनच घेतला. चांगली घासाघीस केली."

"बरं," काका म्हणाले आणि चालण्याचा वेग कमी केला.

पुढे घड्याळजीने दुकानातूनच ओरडून सांगितलं, "वहिनी अंगणात आहेत. मगाशी एक अनोळखी माणूस तुमच्या फाटकाशी थांबला होता. मी विचारलं, कोण पाहिजे. पत्ता चुकला होता बिचारा. शिंपीणबाईंनीही विचारलं. वहिनींनीही. घाबरून पळाला."

"बरं," काका पुन्हा म्हणाले. आपल्या बायकोची खबर सगळ्या गल्लीला आहे आणि ती आपल्याला गल्लीकडून मिळतेय, याचा राग करावा की काय करावं ते त्यांना ठरवता येईना. आतल्या आत कुठेतरी एक कडी निघाली होती एवढं मात्र खरं.

काकू कुंपणाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर ऊन होतं.

"का आलात?"

"विसरलो होतो एक."

"काय?"

काकांनी रुमाल काढून मान पुसली, मग इकडेतिकडे पाहिलं आणि कुंपणाच्या खालच्या विटांच्या कडेवर, गजांना पाठ टेकून, बाहेरच्या बाजूने हळूच बसले. बसायला जागा छान होती. कुंपण असं बसण्यासारखंही असतं हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

"पोलाद," घड्याळजी पलीकडून म्हणाला, "तिथे असे घुटमळू नका. आम्ही नजर ठेवून आहोत."

"ठेवा," काका म्हणाले. "मी आहे इथे थोडा वेळ."

काकूंनी गजांमधून भोपळ्याची फोड त्यांच्या हातात दिली. "बसलाच आहात तर साल काढा."